सेप्सिससाठी भुलेचं औषध नव्याने घडवायचं तर सुरुवात कशापासून: प्रोपोफॉल की केटामाइन?

भूलशास्त्रातून प्रयोगशाळेकडे वळणारे रेसिडेंट हा प्रश्न हमखास विचारतात. आयसीयूत ही औषधं रोज हाताळलेली असतात, ती दाह कमी करतात हे वाचलेलं असतं, सेप्सिसमध्ये तर संसर्गाला उत्तर देताना शरीराचा दाहच हाताबाहेर जाऊन अवयवांना इजा करतो, आणि डोक्यात येतं की यातली झोप काढून टाकली आणि दाहावरचा परिणाम तेवढा ठेवला तर? कल्पना वेडगळ मुळीच नाही. एटोमिडेट या भुलेच्या औषधाच्या बाबतीत रसायनतज्ज्ञांनी याच धर्तीचं काम करून दाखवलंय. ते औषध अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिसॉल बनवणं रोखतं आणि आयसीयूत ते जिवावर बेतू शकतं, हे १९८३ पासून माहीत होतं. २०१० मध्ये त्याच्या कड्यातला एक नायट्रोजन काढून तिथे कार्बन बसवला, तर झोप तशीच राहिली आणि ग्रंथीवरचा परिणाम जवळजवळ गेला. आपल्याला झोप घालवायची आहे, म्हणजे गणित उलटं. पण एकाच रेणूतले दोन परिणाम सुटे करता येतात, एवढं तरी पक्कं झालं.

सेवोफ्लुरेन (श्वासातून द्यायची भूल) आणि डेक्समेडेटोमिडिन (गुंगीचं औषध) मी इथे मुख्य तुलनेत घेत नाही. सेवोफ्लुरेनची उंदरांमधली कहाणी गोड आहे, पण २०२५ मध्ये फुप्फुसं निकामी होत आलेल्या ६८७ रुग्णांच्या चाचणीत ९० दिवसांनी जिवंत असलेले सेवोफ्लुरेनच्या गटात ४७ टक्के होते आणि प्रोपोफॉलच्या गटात ५६. डेक्समेडेटोमिडिनवर बऱ्याच जणांची भिस्त होती. २०२१ ची चाचणी खास व्हेंटिलेटरवरच्या सेप्सिसच्या रुग्णांची होती, समोर प्रोपोफॉलच होतं, आणि ९० दिवसांतले मृत्यू ३८ टक्के विरुद्ध ३९ टक्के. यात मूळ औषध जसंच्या तसं दिलेलं होतं, बदललेला रेणू नव्हता, हे मान्य. तरी नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथे हात घालावा असं मला वाटत नाही.

उरली दोन. कागदावर प्रोपोफॉल सरस आहे, आणि मीही तिथूनच सुरुवात केली होती. रेणू लहान, रसायन सोपं. त्याच्यावरचा हायड्रॉक्सिल गट काढून फ्लोरिन बसवला की फ्रोपोफॉल तयार होतं, आणि त्याने भूल येत नाही. म्हणजे झोपेचं बटण कुठे आहे ते जवळपास हाती लागलेलं. शिवाय न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींपासून सायटोकाइनपर्यंत, म्हणजे दाहाचे निरोप नेणाऱ्या प्रथिनांपर्यंत, त्याच्यावर लिहिलेलंही भरपूर.

माझं बिनसलं ते त्या पांढऱ्या रंगावरून.

प्रोपोफॉल पाण्यात विरघळत नाही. आपण जे टोचतो ते सोयाबीन तेलाचं दुधासारखं पांढरं इमल्शन असतं. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण दाहाचा अभ्यास करताना ते तेल हा एक वेगळाच पाहुणा होऊन बसतो, कारण चरबीचा प्रतिकारशक्तीवर स्वतःचा परिणाम असतो. त्यामुळे सलाईनचा गट, नुसत्या तेलाचा गट आणि प्रोपोफॉलचा गट, असे तीन करावे लागतात. मी केले. सेंट्रिफ्यूजमधून नळ्या काढल्या तेव्हा सलाईनवाल्या उंदरांचा प्लाझ्मा नेहमीसारखा फिकट पिवळा होता, आणि बाकी दोन्ही गटांचा पाणी घातलेल्या दुधासारखा. त्या गढूळपणात प्लेट रीडरचे (नमुन्यातून जाणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे वाटेल तसे उड्या मारत होते. नमुने पुन्हा फिरवून, पातळ करून कसेबसे आकडे मिळवले, तर आयएल-६ (दाहाचं एक सायटोकाइन) नुसत्या तेलाच्या गटातही हलली होती. कधी वर, कधी खाली. चार महिने मी औषधाचा अभ्यास करतोय की तेलाचा, हेच कळेना.

त्यात आणखी एक गंमत. हे इमल्शन जंतूंना भलतंच मानवतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या काही रुग्णालयांत शस्त्रक्रियेनंतर रक्तात संसर्ग पसरला, त्याचा माग प्रोपोफॉल हाताळण्यातल्या ढिलाईपर्यंत गेला. ज्या बाटलीतून सेप्सिस होऊ शकतो तिच्यातूनच सेप्सिसवरचं औषध शोधायचं, तर सिरिंज भरल्याची वेळ सतत डोक्यात ठेवावी लागते. कोणी म्हणेल, पाण्यात विरघळणारं फॉस्प्रोपोफॉल आहे की. आहे. पण ते शरीरात मोडताना फॉर्माल्डिहाइड सुटतं. एक पाहुणा घालवून दुसरा बोलवायचा.

केटामाइन स्वच्छ, पाण्यासारखं. सलाईनचा गट तोच कंट्रोल, बात खतम. हा फायदा क्षुल्लक वाटेल, पण माझ्यासाठी निर्णय इथेच झाला. दुसरी जमेची बाजू म्हणजे ते मुळातच दोन प्रतिमारूपांचं, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या एस आणि आर रेणूंचं, मिश्रण असतं. मेंदूतल्या ज्या एनएमडीए रिसेप्टरवर केटामाइन काम करतं त्याला एस रूप आर रूपापेक्षा तीन-चार पट घट्ट धरतं, आणि भुलेची ताकद मुख्यतः त्याचीच. म्हणजे कमी झोपेचा रेणू आपल्याला अर्धवट आयताच मिळालाय. दोन्ही रूपं समोरासमोर ठेवली की झोप आणि दाह एकत्र हलतात की वेगवेगळे, हे पहिल्याच फेरीत दिसतं.

डोकेदुखी इथेही आहे. नियंत्रित औषध असल्याने कुलूप, नोंदवही, मिलीलिटरचा हिशेब. झोपेपेक्षा कमी डोस दिला की उंदीर पिंजऱ्यात सैरावैरा पळतो, आणि आजारपणाचे गुण हालचालीवर द्यायचे असल्याने मरायला टेकलेला उंदीरही टुणटुणीत दिसतो. मी पहिल्या तासातले गुण धरतच नाही. दुसरं, सेप्सिस घडवायला उंदराचं सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) बांधून भोक पाडायचं तर उंदराला भूल द्यावीच लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ती केटामाइन-झायलाझिनची असते. तसं केलं तर कंट्रोल गटालाही तुमचंच औषध मिळालं! आम्ही सगळ्यांना आयसोफ्लुरेन देतो. तेही पांढऱ्या पेशींच्या एलएफए-१ या रेणूला चिकटतं, त्यामुळे साफ काहीच नाही, पण निदान सगळे गट सारखेच मळलेले असतात.

आणि 'केटामाइन रक्तदाब सांभाळतं' या भरवशावर फार विसंबू नका. २०२५ मधल्या चाचणीत गंभीर आजारी २,३६५ रुग्णांना नळी घालताना केटामाइन किंवा एटोमिडेट दिलं होतं. २८ दिवसांतल्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, उलट रक्ताभिसरण कोसळण्याचं प्रमाण केटामाइनच्या गटात जास्त होतं. तो एकच डोस होता, आणि तोही झोपवण्यासाठी. तरी प्रबंधाच्या प्रस्तावनेत ते जुनं वाक्य घालण्याआधी थोडं थांबा.

तुमच्याकडे मुरलेला रसायनतज्ज्ञ असेल तर मी प्रोपोफॉलला नाही म्हणणार नाही. फ्रोपोफॉलच्या वाटेने त्याला बरंच पुढे जाता येईल. एकट्याने, उंदरांवर, दोन-तीन वर्षांत काहीतरी हाती लागावं असं असेल तर मी केटामाइन घेईन, तेही पहिल्या दिवसापासून दोन रूपं वेगळी मागवून. आणि प्रश्न फक्त डिशमधल्या न्यूट्रोफिलपुरता असेल तर प्रोपोफॉलही चालेल, कारण तिथे शुद्ध औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवता येतं आणि तेलाची कटकट उरत नाही. नुसत्या डीएमएसओचा गट मात्र तेवढा ठेवा.