बारमाही झरा आणि कोमट पाणी

लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही दोघांनी डोंगरउतारावर आमचे पहिले घर विकत घेतले आणि त्या व्यवहारात पाण्यावरून आमची फसवणूक झाली. ती कशी झाली हे तपशिलाने लिहीत आहे, कारण विक्रेत्याची युक्ती अगदी साधी होती आणि ती ओळखण्याच्या सगळ्या खुणा आमच्यासमोर उघड्या पडलेल्या होत्या.

त्या उतारावर नळयोजना पोहोचलेली नाही. त्यामुळे "घराला स्वतःचा बारमाही झरा आहे" या विक्रेत्याच्या एका वाक्यावरच घराची किंमत ठरली, असे म्हटले तरी चालेल. पहिल्यांदा घर पाहिले तेव्हा पाऊस संपून थोडेच दिवस झाले होते. झऱ्यापासून दगडी कुंडापर्यंत एक इंची काळा पाइप आणलेला होता आणि त्यातून पाणी जोरात पडत होते. मी बादली लावून मोजले, तर 20 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 30 लिटर. आकडा वहीत लिहिला आणि आपण किती सावध आहोत याचे मला स्वतःलाच कौतुक वाटले. पावसाचे पाणी वरच्या मातीच्या थरात मुरते आणि उतारावर कुठेतरी वाट काढते, तेव्हा असे झरे जोरात वाहतात; तो थर निथळला की आटतात. खोल खडकातील भेगांमधून येणारा झराच कोरड्या दिवसांत टिकतो. पावसानंतर घेतलेल्या मापावरून या दोहोंतला फरक कळणे शक्यच नसते.

कोरड्या दिवसांत एकदा पाहू, असा पत्नीने आग्रह धरला आणि विक्रेत्याने तो लगेच मान्य केला. मात्र दिवस आणि वेळ त्याने ठरवली. आम्ही एक दिवस आधी येतो म्हटल्यावर त्याने रस्त्याच्या कामाचे कारण सांगून नकार दिला. ठरल्या दिवशी गेलो, तर पाणी तसेच जोरात पडत होते. पत्नीने ओंजळ धरली आणि म्हणाली, "आज पाणी कोमट लागतंय." पाइप उन्हाने तापला आहे, असे विक्रेता म्हणाला आणि मला ते पटले.

ते पटायला नको होते. जमिनीखालून येणाऱ्या झऱ्याच्या पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही; म्हणूनच ते भर उन्हात गार लागते. एक इंची पाइपच्या दहा मीटर लांबीत सुमारे 5 लिटर पाणी मावते आणि मिनिटाला 30 लिटर या वेगाने ते दहा सेकंदांत बाहेर पडते. आमचा पाइप तर दहा मीटरही नव्हता. दहा सेकंदांत पाणी कोमट होत नाही. ते आधीपासूनच कुठेतरी उन्हात साठवलेले होते.

दुसरी खूण कुंडाच्या खाली होती. कुंड भरून सांडणारे पाणी जिथून खाली उतरते, त्या चरात वाळलेला पाला पडलेला होता आणि दगडांवर शेवाळाचा मागमूस नव्हता. वर्षभर पाणी वाहणारी जागा अशी दिसत नाही. आम्ही दोघांनीही तो पाला पाहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही. पाऊण तास झाल्यावर उजेड आहे तोवर घाट उतरा, असा लकडा विक्रेत्याने लावला. आम्हाला ती काळजी वाटली.

कागदपत्रे होऊन खरेदीखत होईपर्यंत पुन्हा पाऊस सुरू झाला होता, त्यामुळे राहायला आल्यावर पहिले काही महिने सुखात गेले. मग धार बारीक होत गेली. एके दिवशी तीच बादली भरायला साडेतीन तास लागले. रात्रंदिवस एक थेंबही वाया न घालवता धरले असते, तरी ते दिवसाला जेमतेम 137 लिटर झाले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने एका माणसाला रोज 50 ते 100 लिटर पाणी लागते. पुढे तर नुसता ओलावाच उरला.

पाइप कुठे तुंबला आहे का हे पाहण्यासाठी आम्ही झुडपे तोडत वर गेलो. तिथे पाइपला एक जोड होता, त्याच्या दुसऱ्या तोंडाला बूच लावलेले होते आणि शेजारी टाकी ठेवण्यासाठी सपाट केलेला चौथरा होता. वरच्या अंगाला राहणाऱ्या आजींनी उरलेले सांगितले: आम्ही पाहायला आलो त्या दिवशी पहाटे टँकर आला होता आणि त्याने 2,000 लिटरची टाकी भरली होती. मिनिटाला 30 लिटर या हिशोबाने ती सव्वा तासाच्या आत रिकामी झाली असती. घाट उतरण्याच्या घाईचे कारण तेव्हा कळले. "तुम्ही विचारलं असतं, तर तेव्हाच सांगितलं असतं," असे आजी म्हणाल्या. पण शेजाऱ्यांशी आपले बोलणे नाही, असे विक्रेत्याने पहिल्याच भेटीत सांगून ठेवले होते आणि नव्या जागी वाद नको म्हणून आम्ही त्या दाराशी गेलोच नव्हतो.

विक्रेत्याने शांतपणे खरेदीखत वाचायला सांगितले. त्यात "पाण्याचे कुंड व पाइप यांसह" एवढेच शब्द आहेत. बारमाही हा शब्द कुठेही नाही, कारण तो लिहून घ्यावा हे आम्हाला सुचले नव्हते. वकिलांमार्फत नोटीस पाठवली आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही. आज घर घ्यायचे असते, तर कोरड्या दिवसांच्या अखेरीस न सांगता गेलो असतो, पाइप सोडून थेट उगमाशी माप घेतले असते, किमान प्रवाहाचा आकडा आणि उगमावरचा हक्क करारात घातला असता आणि या सगळ्याच्या आधी आजींच्या अंगणात जाऊन बसलो असतो.

सध्या छपराला पन्हळी लावण्याचे काम सुरू आहे. 80 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती आणि पहिले गढूळ पाणी सोडण्यापूर्वी 800 लिटर मिळतात. त्या हिशोबाने टाकी केवढी घ्यावी, हे पत्नी ठरवत आहे.