मिलेची 'शेतातली कामं', १८५३: पान घ्यावं, फ्रेम मात्र बदलून

चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या जुन्या छापील कागदांच्या एका दुकानात हे पान विक्रीला आहे. चित्रं फ्रेंच चित्रकार झां-फ्रांस्वा मिलेची, लाकडावर कोरली आद्रियां लाव्हिएयनं, छापली १८५३ मध्ये 'लिल्युस्त्रासिओं' या पॅरिसच्या साप्ताहिकानं. कापणी, पेंढ्या बांधणं, मळणी, लोकर कातरणं, सूत काढणं अशी मालिकेत एकूण दहा छोटी दृश्यं. व्हॅन गॉगनं १८८९ मध्ये सँ-रेमीच्या इस्पितळात असताना यांवरूनच रंगचित्रं केली.

विळा चालवणारा पाठमोरा आहे, पेंढी बांधणारी पार जमिनीपर्यंत वाकलेली. तोंडं जवळजवळ दिसतच नाहीत. जाडेभरडे कपडे आणि मोडलेली कंबर, एवढ्यावर मिलेनं शेतमजुराची गरिबी उभी केली आहे, आणि ती पाहताना गलबलून येतं. म्हणूनच ठसा कसा उमटलाय ते महत्त्वाचं. पाठीच्या बाकावरच्या रेषा एकमेकींत मिसळल्या की अंगातला ताण जातो, उरतो काळा गोळा. या पानावर त्या रेषा सुट्या आहेत. फक्त मळणीच्या दृश्यात सावलीत शाई भरली आहे.

खरेपणा तपासायला दहापट भिंग लावा. जाळीदार ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली छपाई. लाकडी ठशात काळी रेषा सलग असते आणि दाबामुळे शाई तिच्या कडेला सरकून बारीक काठ धरते. जस्ताच्या ब्लॉकनंही, म्हणजे धातूच्या पत्र्यावर उतरवलेल्या ठशानंही, असाच काठ येतो, त्यामुळे एवढ्यावर थांबू नका. कागद उलटा करा. साप्ताहिकाचं पान असल्यानं मागे फ्रेंच मजकूर आहे. तो मोकळ्या जागेत थोडा पुढे झिरपलाय. हा दोष खरा, पण पुरावाही तोच. रंग भरलेली प्रत मिळाली तर नको म्हणा, रंग नंतर कुणीतरी भरलेले असतात. कलाकृती म्हणून वेगळ्या काढलेल्या ठशाची किंमत सांगितली तर देऊ नका, हे साप्ताहिकातलं पान आहे.

दुकानाची फ्रेम मात्र वाईट. पान हार्डबोर्डवर सेलोटेपनं चिकटवलंय आणि काच थेट शाईला टेकली आहे. टेपचा गोंद कागदात मुरून तपकिरी पट्टा पडतो, हार्डबोर्डमधलं आम्ल मागून कागद पिवळा करतं, आणि पावसाळ्यात काचेवर धरलेलं पाणी बुरशीला आमंत्रण देतं. टेप घरी ओढू नका, वरचा थर सोलून निघतो. डाग ब्लीचनंही काढू नका. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे आधी विचारावं.

नवी फ्रेम करताना सुती, आम्लरहित बोर्डाचा खिडकी-माउंट, म्हणजे मधे चौकोन कापलेला पुठ्ठा, मागा. काच आणि कागदात अंतर राहतं. पान फक्त वरच्या कडेला, दोन जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीनं अडकवावं. हवामान बदललं की कागद फुगतो-आक्रसतो. चारी बाजूंनी चिकटवला तर सुरकुततो. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा. जुलैत बंद केलेली फ्रेम दमट हवा आतच कोंडते, आणि कसरीलाही तेच हवं असतं. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीमागून हवा खेळेल. पावसाच्या माऱ्याची किंवा न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा.