बार्सिलोनाची बोट गाठायची, तर बिझनेस क्लास कुठला घ्यावा?

दादा-वहिनींच्या लग्नाला मे महिन्यात तीस वर्षं होतायत. भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ ठरली आहे, बार्सिलोनाहून निघून बार्सिलोनालाच परत. बोटीचं बुकिंग दादाने स्वतः केलं आणि विमानाचं माझ्या गळ्यात टाकलं. अटी दोनच. दादाची, "मला आडवं पडून झोपता आलं पाहिजे." वहिनीची, "मधे उतरून धावाधाव नको, माझा गुडघा ऐकत नाही." दोन्ही अटी एकाच तिकिटात बसवायला मला तीन आठवडे लागले. त्याच वाटेने जाणाऱ्या कुणाचे तरी ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो. सीटचे फोटो आणि सीटची परीक्षणं मीही पुष्कळ पाहिली. सुट्टीला किंवा कामाला जाणाऱ्यासाठी ती ठीक आहेत. क्रूझला जाणाऱ्याने मात्र सीटच्या आधी घड्याळ पाहावं. हॉटेल तुमची रात्री बारापर्यंत वाट बघतं, बोट बघत नाही. शिवाय आपण नाशिकचे, म्हणजे प्रवास सहारच्या टर्मिनल दोनवर नाही, गंगापूर रोडवर सुरू होतो.

तो पहिला टप्पा आता पूर्वीइतका वाईट राहिलेला नाही. इगतपुरीजवळ पिंपरी सदोला समृद्धीवर चढलं की आमणेपर्यंतचे ७६ किलोमीटर मोकळे मिळतात. ५ जून २०२५ला हा शेवटचा तुकडा सुरू झाला आणि कसारा घाटाऐवजी जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आला. पण आमण्याला उतरल्यावर भिवंडी आणि ठाणे जिथल्या तिथेच आहेत. तिथे कधी वीस मिनिटं जातात, कधी दीड तास. त्यामुळे पहाटे तीनच्या विमानासाठी आपण संध्याकाळी सहा-सातलाच घर सोडतो आणि बहुतेक वेळा रात्री दहा-अकराला विमानतळावर पोचून बसतो. मुंबईकराला लाउंज म्हणजे कॉफीपुरतं ठिकाण. नाशिककराचं तिथे रात्रीचं जेवण होतं, अंघोळ होते आणि पाय वर करून बसायला तीन तास मिळतात. काही कंपन्या बिझनेसचंच स्वस्त तिकीट विकतात, पण त्यात लाउंज नसतो आणि सीट आधी निवडायचे पैसे वेगळे पडतात. कतार एअरवेजच्या 'लाइट' प्रकारात ही काटछाट असते. आपल्यासाठी ती बचत खोटी.

ओझरहून दिल्ली गाठून तिथून युरोपला जाण्याचा विचार दादाने मांडला होता. घाट नको, भिवंडी नको. ऐकायला छान वाटतं. पण दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तरच हा विचार करावा. वेगवेगळी तिकिटं काढली आणि ओझरचं विमान लेट झालं, तर पुढची कंपनी तुमची वाट पाहत नाही आणि नवं तिकीटही देत नाही. मागच्या क्रूझला दोघांनी हाच प्रकार केला होता. कंपनीचं नाव घेत नाही. माणसं धावतपळत वेळेत चढली, बॅगा मागे राहिल्या. त्या बॅगा मग बोटीचा पाठलाग करत तिसऱ्या बंदरात भेटल्या. तोवर दादा बोटीवरच्या दुकानातले टी-शर्ट घालून फिरत होता. पुढे-मागे नांगराचं चित्र असलेले ते शर्ट तो अजून वापरतो.

आता मुख्य मुद्दा. मुंबईहून बार्सिलोनाला जायचे ढोबळ दोन रस्ते आहेत: आखातातून, म्हणजे दुबई किंवा दोहा, किंवा युरोपातून, म्हणजे फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक वगैरे. बिझनेस क्लासचे पैसे मोजणाऱ्याला यातला फरक तिकिटावर दिसत नाही.

युरोपातल्या रस्त्यावर मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालं की नऊ तासांच्या आसपास एकच मोठं उड्डाण. जेवण लाउंजमध्ये आधीच झालेलं असतं, त्यामुळे विमान वर गेलं की पलंग पसरायचा आणि सकाळी फ्रँकफर्टला डोळे उघडायचे. दादाची अट इथे शंभर टक्के पूर्ण होते. पण फ्रँकफर्ट ते बार्सिलोना या दोन तासांच्या विमानात 'बिझनेस' म्हणजे साधीच इकॉनॉमीची सीट, फक्त मधली रिकामी ठेवलेली आणि पुढे पडदा. युरोपातल्या बहुतेक कंपन्यांचं आखूड पल्ल्यावर असंच असतं. दोन तासांसाठी मला त्याचं काही वाटत नाही, पण पैसे देताना माहीत असावं.

आखाताच्या रस्त्यावर दोन्ही टप्प्यांना खरा बिझनेस क्लास मिळतो, फक्त झोपेचे तुकडे होतात. मुंबई-दुबई किंवा मुंबई-दोहा हे सुमारे तीन-साडेतीन तास. त्यात चढणं, उतरणं आणि आग्रहाने समोर आणलेला नाश्ता वजा केला तर झोप दीड तासाची. पुढचे सात तास पलंग मिळतो, पण तोवर सकाळ झालेली असते. ज्याला दुपारी झोप लागते त्याला चालेल. दादाला लागते, वहिनीला दिवसा डोळा लागणं अवघडच.

इथवर युरोप पुढे होता. गुडघ्याने चित्र थोडं बदललं.

फ्रँकफर्टला उतरून बार्सिलोनाला जायचं तर शेंगेनमधला (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला) प्रवेश फ्रँकफर्टलाच होतो, म्हणजे इमिग्रेशनची रांग जोडविमानाच्या आधी लागते. १२ ऑक्टोबर २०२५पासून युरोपने नवी नोंदणी पद्धत आणायला सुरुवात केली. बाहेरून येणाऱ्या माणसाचे बोटांचे ठसे आणि फोटो पहिल्यांदा घेतले जातात, आणि रांग लांबते. त्यात तिकिटावर सव्वा तासाचं अंतर असेल तर चालणाऱ्यालाही धावावं लागेल. आखाताच्या रस्त्यावर हीच रांग बार्सिलोनाला लागते, सगळं संपल्यावर. तिथे तास गेला तरी चुकायला पुढे विमान नसतं. युरोपातूनच जायचं असेल तर मधे किमान अडीच-तीन तास असलेली जोडणी निवडावी. वेबसाइट ती सगळ्यात खाली दाखवते, कारण एकूण प्रवासाची वेळ वाढलेली दिसते.

लंडनमार्गे ब्रिटिश एअरवेजचाही पर्याय दिसेल. त्यावर आम्ही पाच मिनिटंही घालवली नाहीत. भारतीय पासपोर्टवर फक्त शेंगेन व्हिसा असेल तर लंडनला नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा आहे त्यांना सूट मिळू शकते. बाकीच्यांनी दोन-दोन व्हिसांच्या मागे का धावावं?

इस्तंबूलमार्गे टर्किश सोयीची आहे. तिच्या छोट्या विमानातही बिझनेसच्या सीट खऱ्या असतात, मधली रिकामी ठेवलेली इकॉनॉमी नसते. पण मे २०२५मध्ये तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतल्यापासून आमच्या घरात त्या नावावर फुली आहे आणि ती उठवायचा अधिकार माझ्याकडे नाही. ज्यांना तशी अडचण नाही त्यांनी जरूर बघावी.

एअर इंडियाबद्दल दादाच्या मनात हळवा कोपरा आहे. बाबांचा पहिला विमानप्रवास महाराजाच्या विमानातला. २०२२मध्ये टाटांकडे आल्यापासून आणि जानेवारी २०२४मध्ये पहिलं ए-३५० उडाल्यापासून सुधारणा दिसते आहे. अडचण अशी की जुन्या ड्रीमलायनर विमानांमध्ये बिझनेसची मांडणी २-२-२ आहे, म्हणजे एका ओळीत दोन-दोन सीटच्या तीन जोड्या आणि खिडकीकडच्याला शेजाऱ्याला ओलांडून बाहेर पडावं लागतं, आणि नवं विमान मिळेल की जुनं, हे तुमच्या मार्गावर अवलंबून. शिवाय एप्रिल २०२५पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं आणि युरोपची उड्डाणं लांबली. पुढे बार्सिलोनापर्यंत दुसऱ्या कंपनीचं विमान जोडावं लागतं ते वेगळंच.

खरा निकाल लागला परतीच्या दिवशी. या गोष्टीकडे मी पहिले दोन आठवडे पाहिलंच नव्हतं.

बोट पहाटे सहा-सातला बार्सिलोनाला लागते. माणसं गटागटाने उतरवतात, बॅगा रंगीत चिठ्ठ्यांप्रमाणे धक्क्यावरच्या दालनात लावलेल्या असतात. गोंधळ झाला नाही तर आठ-नऊला तुम्ही बाहेर, आणि तिथून एल प्रात विमानतळ टॅक्सीने फार लांब नाही. तरी दुपारी बाराच्या आधीचं विमान धरू नये असं क्रूझवालेच सांगतात. आता फ्रँकफर्टहून मुंबईला येणारं लुफ्तान्साचं विमान साधारण दुपारी एकच्या सुमारास निघतं. ते गाठायला बार्सिलोना सकाळीच सोडायला हवं, आणि त्या वेळी आपण डेकवर नाश्त्याच्या रांगेत उभे असणार. म्हणजे बार्सिलोनात आणखी एक रात्र काढणं आलं. ते विमान मुंबईला मध्यरात्रीनंतर उतरतं, म्हणजे भर रात्री भिवंडी-कसारा किंवा मुंबईत हॉटेल. आणि उड्डाण दिवसाचं, त्यामुळे पलंगासाठी मोजलेले पैसे सिनेमे पाहण्यात जातात.

दुबई-दोहाची विमानं बार्सिलोनाहून दुपारी उशिरा निघतात. बोटीवरून उतरायचं, निवांत विमानतळावर जायचं, लाउंजमध्ये बसायचं. मध्यरात्री आखातात, सकाळी मुंबईत, जेवायच्या वेळेला नाशिक. झोप मोडते हे खरं, पण रस्ता दिवसाउजेडी मिळतो आणि हॉटेलची एक रात्र वाचते.

जाताना युरोप आणि येताना आखात, असं मी सुचवून पाहिलं. पण युरोपातल्या कंपन्यांचं एकेरी तिकीट परतीच्या निम्म्याहून बरंच महाग पडत होतं, आणि दोन कंपन्यांचे दोन हिशोब वहिनीला नको होते.

मग उरल्या दुबईमार्गे जाणारी एमिरेट्स आणि दोहामार्गे जाणारी कतार. एमिरेट्सच्या ए-३८०मध्ये वरचा मजला, १-२-१ मांडणी आणि मागे उभं राहून गप्पा मारायला बार. दादाचा जीव तिथेच अडकला होता. पण त्यांच्याच बोइंग ७७७मध्ये, ज्यांचं नूतनीकरण झालेलं नाही त्यांत, बिझनेस अजून २-३-२ आहे. तीनच्या ओळीत मधली सीट मिळाली तर बिझनेसचे पैसे देऊन दोघांच्या मधे बसायचं. बुकिंगच्या आधी दोन्ही टप्प्यांचं विमान कुठलं ते तपासाच. घरून गाडीची सोयही त्यांच्या काही तिकिटांत असते, पण तिला किलोमीटरची मर्यादा असते. गंगापूर रोडवर गाडी येईल अशा भ्रमात राहू नका.

कतारच्या क्यूस्वीटला, म्हणजे २०१७मध्ये आलेल्या बिझनेसच्या खोलीवजा सीटला, सरकतं दार आहे, आणि मधल्या काही जोड्यांमधली भिंत खाली करून दोघांचा सलग पलंग होतो. सगळ्या जोड्यांचा होत नाही. सीटच्या नकाशात कुठल्या दोन सीट एकमेकींना चिकटून आहेत ते बघून घ्यावं. क्यूस्वीट सगळ्या विमानांतही नाही आणि ऐन वेळी विमान बदलूही शकतं. तरी वहिनीसाठी मला दोहा जास्त पटलं. दुबईच्या टर्मिनल तीनचा पसारा अवाढव्य, एका भागातून दुसऱ्या भागात जायला आतली ट्रेन. दोहाला सगळं एका टर्मिनलमध्ये. व्हीलचेअर दोन्हीकडे मिळते, तिकीट काढतानाच सांगून ठेवावी. वहिनी आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "रांगेत पुढे नेणार असतील तर बसते."

पैशाचं बोलायचं तर आम्हाला माणशी जाऊन-येऊन दोन लाखांच्या अलीकडे-पलीकडे ते साडेतीन लाखांपर्यंत आकडे दिसले, रोज बदलणारे. २२ सप्टेंबर २०२५पासून बिझनेसच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, इकॉनॉमीवर तो ५ टक्केच आहे. इकॉनॉमीपेक्षा दोघांचा वरचा खर्च पाहिला तर तेवढ्यात बोटीवर खिडकी नसलेल्या खोलीऐवजी बाल्कनीची खोली मिळून वर पैसे उरतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर पन्नाशीच्या आतल्या, पाठ शाबूत असलेल्या जोडप्याने बाल्कनीच घ्यावी. मधला मार्ग म्हणजे प्रीमियम इकॉनॉमी. लुफ्तान्साकडे आहे, एमिरेट्सच्या मुंबईच्या काही विमानांत आहे, कतारकडे नाही. सीट रुंद, पाय पसरतात, पण पलंग होत नाही.

काहीही घेतलं तरी एक दिवस आधी पोचायचं, यावर मी कुणाचंही ऐकलं नाही. २३ जून २०२५ला दोह्याचं आकाश काही तास बंद झालं आणि जगभरची विमानं कुठच्या कुठे उतरली. असं रोज होत नाही. पण बोट सुटल्यावर पुढच्या बंदरापर्यंतचं तिकीट आपल्याच खिशातून काढावं लागतं. वाटेत ट्युनिसचं बंदर असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही पाहून ठेवा.

शेवटी कतार ठरलं, लाउंज असलेल्या तिकिटावर, शुक्रवारची बोट धरायला गुरुवारी दुपारी पोचणारं. शाकाहारी जेवण मी आधीच नोंदवून टाकलंय. तरी वहिनी चिवड्याचा पुडा हातातल्या बॅगेत ठेवणार आहे. सामान माणशी चाळीस किलो चालतं हे ऐकल्यापासून तिने पैठणी काढून ठेवली आहे, बोटीवरच्या नटूनथटून जायच्या रात्रीसाठी. आता वाद एवढाच उरलाय की घरून किती वाजता निघायचं. दादा म्हणतो सात, वहिनी म्हणते पाच. ड्रायव्हरला मी साडेपाच सांगितलंय.