सी ड्राइव्ह भरला: साफ करायचा, सामान हलवायचं की डिस्क वाढवायची?

विंडोज सर्व्हरचा सी ड्राइव्ह लाल झाला की तीन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो टेम्प (तात्पुरत्या फाइल्सचं फोल्डर) उडव, दुसरा म्हणतो पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची फाइल) डी ड्राइव्हवर टाक, तिसरा म्हणतो डिस्कच वाढव ना, कशाला डोकं खातोस. तिघांचंही बरोबर असू शकतं. कुणाचं ऐकायचं हे दोन गोष्टींवर ठरतं: जागा कशाने खाल्ली, आणि ती अजून खाल्ली जातेय का. ६० जीबीचा ड्राइव्ह तीन-चार वर्षांत हळूहळू भरला असेल, तर तो मुळात लहान आहे. गेल्या आठवड्यात २० जीबी मोकळी होती आणि आज २ उरली असेल, तर काहीतरी सुसाट लिहितंय. अशा वेळी डिस्क वाढवली तर नवी जागाही त्याच वेगाने जाईल.

म्हणून आधी मोजा. विझट्रीसारखं जागा मोजणारं साधन थेट एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टिमची) फाइल-सूची वाचतं, त्यामुळे एक्सप्लोररपेक्षा कितीतरी लवकर उत्तर देतं (ऑफिसात वापरायचं तर त्याचा परवाना लागतो, हे विसरू नका). कुठलंही साधन वापरा, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. नाहीतर काही फोल्डर रिकामे दिसतात आणि बेरीज जुळत नाही. बेरीज तरीही जुळत नसेल, तर शॅडो कॉपीची (विंडोज ड्राइव्हच्या जुन्या स्थितीच्या प्रती ठेवतं, त्यांची) जागा व्हीएसएस-अ‍ॅडमिन या आज्ञेने तपासा. ती बऱ्याचदा डोळ्याआड असते.

मोजताना सगळ्यात जास्त घाबरवतं ते विनएसएक्सएस फोल्डर, म्हणजे विंडोजच्या घटकांचा साठा. एक्सप्लोरर ते भलंमोठं दाखवतो, पण तो आकडा फसवा आहे. त्यातल्या असंख्य फाइल्स हार्ड लिंकने (एकाच फाइलला दिलेल्या दुसऱ्या नावाने) सिस्टिम-३२ मधल्या फाइल्सशी जोडलेल्या असतात. डिस्कवर फाइल एकच असते, मोजली जाते दोनदा. खरा आकडा हवा तर डिझमची (विंडोजच्या देखभालीच्या साधनाची) अ‍ॅनलाइझ-कंपोनंट-स्टोअर ही आज्ञा चालवा. सर्व्हर २०१२ आर-२ पासून ती उपलब्ध आहे. खरा आकार किती, त्यातला विंडोजशी सामायिक किती आणि साफसफाईची गरज आहे का, हे ती सांगते. गरज नाही असं तिने सांगितलं, तर तिथे वेळ घालवू नका.

साफसफाई

निर्धास्तपणे काढता येतं ते थोडंच. सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशनमधलं डाउनलोड फोल्डर (आधी विंडोज अपडेटची सेवा थांबवून), विंडोज टेम्पमधल्या जुन्या फाइल्स, जुन्या क्रॅशची मेमरी डंप फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत), प्रत्येक अ‍ॅडमिनचा आपापला रीसायकल बिन. रिमोट डेस्कटॉपच्या सर्व्हरवर नोकरी सोडून गेलेल्यांचे प्रोफाइलही असतात. ते सिस्टिम प्रॉपर्टीजमधल्या यूजर प्रोफाइल्समधून काढा. नुसतं फोल्डर उडवलं तर रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहते, आणि तो माणूस पुन्हा लॉगिन झाला की त्याला तात्पुरतं प्रोफाइल मिळतं.

डिझममध्ये दोन पायऱ्या आहेत आणि त्या एकच समजू नका. स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप जुन्या, बदललेल्या घटकांची साफसफाई करतं. हेच काम टास्क शेड्यूलरही आपणहून करतो, पण तो घटक बदलल्यावर ३० दिवस थांबतो आणि एका तासापेक्षा जास्त चालत नाही. हाताने आज्ञा दिली की या दोन्ही मर्यादा नसतात. त्यालाच रीसेट-बेस जोडलं तर आणखी जागा सुटते, पण आजवर बसवलेलं कुठलंही अपडेट मागे घेता येत नाही. परवाच्या अपडेटने छपाई बिघडली किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर अडकलं, तर ते अपडेट काढायची वाट तुम्हीच बंद केलेली असते. माझ्या मते रीसेट-बेस नवा सर्व्हर टेम्प्लेट म्हणून तयार करताना वापरावं. चालत्या सर्व्हरवर ते शेवटचा उपाय.

विंडोजमधल्या इन्स्टॉलर फोल्डरला मात्र हात लावू नका. तिथल्या एमएसआय (इन्स्टॉलर) आणि एमएसपी (पॅच) फाइल्स निरुपयोगी दिसतात, पण प्रोग्रॅम दुरुस्त करताना, काढताना किंवा पॅच लावताना विंडोज त्याच शोधतं. त्या नसल्याचं सहा महिन्यांनी कळतं, तेही एखादा महत्त्वाचा पॅच बसेनासा झाल्यावर.

तुमच्याकडे अजून २०१२ किंवा २०१२ आर-२ असेल, तर त्याचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे. तिथे तात्पुरती जागा करा आणि उरलेली ताकद स्थलांतरावर लावा.

सामान हलवणं

साफसफाईने सुटलेली जागा पुन्हा भरते. हलवलेलं सामान पुन्हा सीवर येत नाही. म्हणून दोन्ही शक्य असतील तर मी हलवण्याच्या बाजूचा. पण काय हलवायचं यात फरक आहे.

आयआयएसचे (विंडोजच्या वेब सर्व्हरचे) लॉग पहिले. आयआयएस रोज नवी फाइल उघडतो, जुनी मात्र स्वतःहून कधीच काढत नाही. वेबसाइट वर्दळीची असेल तर त्याच्या आयनेटपब फोल्डरमध्ये वर्षानुवर्षांचे लॉग साठतात. इथे उडवण्याचा मोह आवरा. सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार भारतातल्या कंपन्यांनी आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग मागचे १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. लॉगचा मार्ग डीवर न्या, तिथे एनटीएफएस कॉम्प्रेशन लावा (साध्या मजकुराच्या फाइल्स चांगल्याच दबतात) आणि मुदत उलटलेल्या फाइल्स काढायला एक शेड्यूल्ड टास्क ठेवा. डब्ल्यूएसयूएसचा (ऑफिसातल्या मशीनना अपडेट पुरवणाऱ्या सेवेचा) साठा आणि एसक्यूएलची टेम्पडीबी (तात्पुरता डेटाबेस) यांनाही सीवर राहायचं काही कारण नाही, आणि दोन्ही हलवायची अधिकृत पद्धत आहे.

पेजफाइलचं प्रकरण वेगळं. ती हलवली की एका रीस्टार्टमध्ये मोठा तुकडा सुटतो, म्हणून ती सगळ्यांची लाडकी. पण सर्व्हर निळ्या पडद्यावर कोसळला तर मेमरी डंप सीवरच्या पेजफाइलच्या आधाराने लिहिला जातो. ती तिथे नसेल तर डंप मिळत नाही, आणि कशाने कोसळला हे कोडंच राहतं. यावर तोड आहे: रजिस्ट्रीत क्रॅश-कंट्रोलखाली वेगळी डंप फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर नेमता येते. तेवढं करणार असाल तर पेजफाइल खुशाल हलवा. नाहीतर सीवर छोटी आणि डीवर मोठी अशी वाटणी करा, फक्त छोटीत पूर्ण डंप मावणार नाही हे धरून चाला.

अझूरवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) असाल तर एक सापळा आहे. तिथल्या बऱ्याच व्हीएमना (व्हर्च्युअल मशीनना) मिळणारा डी ड्राइव्ह तात्पुरता असतो, मशीन हलवलं गेलं की त्यातलं सगळं जाऊ शकतं. पेजफाइलला तो चालतो, लॉगला नाही. त्यासाठी वेगळी डेटा डिस्क जोडा.

जंक्शन (एका फोल्डरवरून दुसरीकडे वळवणारा दुवा) लावून विंडोजच्या आतले फोल्डर डीवर नेण्याचे सल्लेही सापडतात. मी ते लावत नाही. पुढचं मोठं अपडेट कुठे अडेल सांगता येत नाही. आणि डीडुप्लिकेशनचा (सारखा डेटा एकदाच साठवण्याचा) विचार मनात आला असेल, तर ते सिस्टिम व्हॉल्यूमवर चालतच नाही.

डिस्क वाढवणं

व्हर्च्युअल सर्व्हर असेल आणि ड्राइव्ह हळूहळू भरला असेल, तर मी सरळ डिस्क वाढवतो. पाच-सात जीबीसाठी कुणाचे दोन दिवस घालवण्यापेक्षा हे स्वस्त. व्हीएमवेअरमध्ये स्नॅपशॉट (मशीनची जपलेली जुनी स्थिती) असेल तर आधी तो काढावा लागतो. हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीन व्यवस्थेत) जनरेशन २ चं मशीन चालू असतानाच वाढवता येतं. जनरेशन १ ची बूट डिस्क आयडीईवर (जुन्या प्रकारच्या जोडणीवर) असते, म्हणून बंद करावं लागतं. क्लाउडवर वाढवणं सोपं, पण अझूर आणि एडब्ल्यूएस दोन्हीकडे डिस्क परत लहान करता येत नाही. दर महिन्याचं भाडं वाढीव जागेचंच.

खरी अडचण विंडोजच्या आत येते. डिस्क मॅनेजमेंट सी वाढवतो तो फक्त त्याला उजवीकडे लागून मोकळी जागा असेल तरच. सर्व्हर २०२२ च्या नव्या मांडणीत रिकव्हरी पार्टिशन नेमकं तिथेच येऊन बसतं, आणि ‘एक्स्टेंड’चा पर्याय राखाडी दिसतो. रीएजंट-सी या आज्ञेने रिकव्हरी बंद करायची, ते पार्टिशन काढायचं, सी वाढवताना शेवटी थोडी जागा सोडायची आणि रिकव्हरी पुन्हा बसवायची. करण्यासारखं आहे, फक्त आधी बॅकअप.

आपल्याकडे पतसंस्थेत किंवा छोट्या कारखान्यात दिसतो तो टॉवर सर्व्हर याहून अडेल. पुरवठादाराने एकाच डिस्कवर सीला ६० जीबी देऊन उरलेली सगळी डीला दिलेली असते, आणि डी सीच्या अगदी लगत. डी त्याच्या शेवटाकडून लहान केला तरी मोकळी झालेली जागा सीला मिळत नाही, कारण मध्ये डी उभाच आहे. सीला जागा द्यायची तर डीवरचा डेटा बाहेर काढून, डी पुसून, सी वाढवून सगळं परत आणायचं. एका रविवारची कामगिरी. अशा मशीनवर आधी लॉग आणि डेटाबेस डीवर न्या. पुढच्या खरेदीच्या वेळी सीला १२० जीबी तरी मागा.

राहिला तो सुसाट लिहिणारा सर्व्हर. ओळखीचा गुन्हेगार सीबीएसचा (अपडेट बसवणाऱ्या यंत्रणेचा) लॉग. तो फुगला की विंडोज त्याची कॅब (दाबलेली) फाइल करायला जातं, पण २ जीबीपुढची फाइल ते काम करणाऱ्या मेककॅबला झेपत नाही. मग विंडोज टेम्पमध्ये ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या अर्धवट फाइल्सचा ढीग साचत राहतो. विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर ही सेवा थांबवा, तो मोठा लॉग काढा, मग ढीग उपसा. क्रम उलटा केला तर ढीग पुन्हा साचतो.

आणि शून्य बाइट उरलेले असताना डिझमला हात घालू नका. त्याला स्वतःला काम करायला जागा लागते आणि वेळही खूप जातो. डाउनलोड फोल्डर, डंप आणि रीसायकल बिन आधी. पुढच्या वेळची सोय म्हणून एफएसयूटिल या आज्ञेने सीवर २ जीबीची एक रिकामी फाइल बनवून ठेवा आणि तिचं नाव असं द्या की रात्री ड्यूटीवर असलेल्याला ती उडवायला तुम्हाला फोन करावा लागणार नाही.