मिटुटोयो एसजे-210: पत्र्याचा पोत मोजतो, दोष शोधून देत नाही

पत्र्याच्या पृष्ठभागाचा आरए (सरासरी खरबरीतपणा) आणि पीक काउंट (ठरावीक लांबीतल्या शिखरांची संख्या) तपासायचा असेल, तर हा हातात मावणारा रफनेस टेस्टर घ्यायला हरकत नाही. पण ओरखडे, पोचे, ताणल्यावर उठणारी संत्र्याच्या सालीसारखी खडबड पकडायची असेल, तर एकट्या याच्या भरवशावर राहू नका.

सुईचा प्रवास 17.5 मिमी, वर-खाली मोजण्याची मर्यादा एकूण 360 मायक्रॉन. सुईचे दोन प्रकार मिळतात: 2 मायक्रॉन टोकाची, 0.75 मिलिन्यूटन दाबाची. आणि 5 मायक्रॉन टोकाची, 4 मिलिन्यूटन दाबाची. मऊ अॅल्युमिनियमवर दुसरी सुई स्वतःच बारीक रेघ ओढून जाऊ शकते, तिथे पहिलीच बरी.

खरा घोळ कट-ऑफचा. कट-ऑफ म्हणजे किती लांबीपर्यंतचे चढउतार खरबरीतपणात धरायचे ती मर्यादा, आणि मोजणी अशा पाच भागांची. आरए 0.1 ते 2 मायक्रॉनमध्ये असला की नेहमीच्या नियमाने कट-ऑफ 0.8 मिमी, मोजणी 4 मिमी. ईएन 10049 हे युरोपीय मानक मात्र पत्र्यासाठी 2.5 मिमी सांगतं, म्हणजे मोजणी 12.5 मिमी. तोच तुकडा, दोन वेगळी रीडिंगं, आणि मग माल पाठवणारा आणि घेणारा दोघेही आपापल्या जागी बरोबर! रिपोर्टवर आरएशेजारी कट-ऑफ लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आता चऱ्याकडे. समजा 5 मायक्रॉन खोल, 0.05 मिमी रुंद, व्ही आकाराचा एकच चरा 4 मिमीच्या मोजणीत आला. अगदी सपाट पृष्ठभागावरसुद्धा त्याने आरए जेमतेम 0.06 मायक्रॉनने वाढेल. मुळात आरए 1 असलेल्या पत्र्यावर तो दिसणारच नाही, नखाला मात्र लागू शकतो. आरझेडही फारसा कामाचा नाही, कारण तो पाच भागांतल्या शिखर-ते-दरी उंचीची सरासरी असतो आणि चरा त्यांतल्या एकातच असतो. आरटी (पूर्ण मोजणीतलं सर्वांत उंच शिखर ते सर्वांत खोल दरी) लावा आणि स्क्रीनवरचा प्रोफाइल डोळ्यांनी बघा. सुई चऱ्याला काटकोनात न्या. चऱ्याच्या दिशेनेच नेली तर ती त्याच्या शेजारून निघून जाते आणि रीडिंग ‘ओके’ येतं. ब्रश फिनिशच्या स्टेनलेसवरही हेच, ब्रशच्या रेघांना आडवंच मोजायचं.

दुसरी अडचण स्किडची. सुईसोबत 40 मिमी त्रिज्येचा स्किड, म्हणजे टेकणारा गोलसर पाय, पत्र्यावर घसरत जातो आणि लांब लाटा तोच गिळतो. त्यामुळे वेव्हिनेस (पृष्ठभागाच्या लांब लाटा) याच्याकडून मागूच नका. चऱ्याच्या कडेला उठलेल्या बरवर (धातूच्या उंच कडेवर) स्किड चढला, की मोजणीचा आधारच वर उचलला जातो, सुई मात्र पत्र्यावरच राहते आणि प्रोफाइलमध्ये नसलेली खळी उमटते. ओळखायची खूण: खऱ्या दोषापासून ती नेहमी ठरावीक अंतरावर, म्हणजे स्किड आणि सुईमधल्या अंतरावर येते. संत्र्याच्या सालीचे चढउतार 0.8 मिमीपेक्षा लांब असले, तर त्यांतला बराचसा भाग कट-ऑफचा फिल्टरच कापून टाकतो. डोळ्याला दिसतं, आकड्यात नाही.

म्हणून आधी ऑइलस्टोन (घासायचा सपाट दगड) हलक्या हाताने पत्र्यावर फिरवा. उंचवटे घासून चमकतात, पोचे तसेच मंद राहतात. खूण करा आणि मग टेस्टर ठेवा. पत्रा लाटणाऱ्या रोलचा डाग ठरावीक अंतराने परत येत असेल, तर ते अंतर भागिले 3.14, एवढ्या व्यासाचा रोल शोधा. या कामाला टेस्टर नको, मोजपट्टी पुरते.

मोजण्याआधी तेल पुसून काढा. पातळ पत्रा खालून पूर्ण टेकलेला हवा. अधांतरी राहिला तर थरथरतो आणि ती थरथर रीडिंगमध्ये येते. सोबतच्या प्रमाण नमुन्यावर पाळीच्या सुरुवातीला एकदा तपासा. त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा रीडिंग हळूहळू कमी येऊ लागलं, तर बहुधा सुईचं टोक झिजलंय: बोथट टोक खोल दरीत शिरत नाही. अशा वेळी कॅलिब्रेशनने आकडा ओढूनताणून जुळवण्यापेक्षा डिटेक्टर (सुई बसवलेला भाग) बदललेला बरा.