छतावरचं ३ किलोवॉट सोलार: पॅनलला पाच स्टार, बसवणाऱ्याला अडीच

बरेच जण विचारून राहिले की सोलार लावलं तर कसं आहे, बिल खरंच शून्य येते का, कोणाकडून लावलं वगैरे. कोणाकडून ते लिहीत नाही कारण अजून चार वर्षं त्यांच्याचकडून मेंटेनन्स करून घ्यायचं आहे, उगाच भांडण नको. बाकी सगळं सांगतो.

घर नागपुरात मानेवाड्याला, वर एक मजला, छत मोकळं, आजूबाजूला उंच बिल्डिंग नाही. घरात दोन कूलर, एक एसी (बाबांच्या खोलीत, आणि ते तो लावत नाहीत, आई लावते). मे महिन्यात ५४० युनिट जळायचे, ३०० च्या वर गेलं की दराचा स्लॅब असा काही उडी मारते की बिल पाहून कूलर बंद करावासा वाटते. म्हणून फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉट लावलं. ५४० वॉटचे ६ पॅनल, ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर (बॅटरीवाला नाही, पॅनलचा करंट घरात चालेल असा करणारा डब्बा), उंच स्ट्रक्चर, सगळं मिळून १ लाख ९५ हजार. सबसिडी ७८ हजार. पहिल्या दोन किलोवॉटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८, त्याच्या वर कितीही लावा तेवढीच मिळते, म्हणून ५ किलोवॉट घ्या म्हणून मागे लागणाऱ्याला आधी तुमच्या वर्षभराच्या बिलावरचे युनिट मोजायला लावा. पैसे, येणारे-जाणारे युनिट मोजणारं नवं मीटर लागल्यावर, सव्वा महिन्यात सरळ खात्यात आले, कोणाच्या हातापाया पडावं लागलं नाही, हे मान्य केलं पाहिजे.

उशीर झाला तो आमच्याच मूर्खपणामुळे. घरचं जुनं मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन पंधरा वर्षं झाली, बिल भरतोच आहे न, म्हणून कोणी नाव बदललंच नाही. अर्जावरचं नाव, बिलावरचं नाव आणि बँक खातं एकाच माणसाचं लागते, त्यात दीड महिना गेला. सोलारचा विचारही केला नसेल तरी आज बिल काढून नाव पाहून घ्या.

आता गंमत अशी की आमचे बाबा कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, कोल हँडलिंगमध्ये जिंदगी गेली त्यांची. २१९० मेगावॉटचा प्लांट, आणि मी त्यांच्याच छतावर ३ किलोवॉट लावून राहिलो. पहिल्या दिवशी त्यांनी इन्व्हर्टरचा डब्बा सगळीकडून पाहिला आणि म्हणाले, "आवाजच नाही बाप्पा याचा. चालू हाय न?" चालू होता. १ किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, आम्हाला एप्रिल-मेमध्ये १३-१४ मिळाले, पावसाळ्यात झाकोळलेल्या दिवशी ४ सुद्धा.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. मला वाटलं नागपूरचं ४५ डिग्रीचं ऊन म्हणजे पॅनलची दिवाळी. नाही भाऊ. पॅनलला उजेड पाहिजे, गरमी नको. २५ डिग्रीच्या वर सेल जितका तापेल तितकी दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर कमी होते, आणि मेमध्ये दुपारी पॅनल हाताला चटका देते, सेल ६५-७० डिग्रीला सहज जातो. ॲपवर फेब्रुवारीच्या थंड दुपारी २.८ किलोवॉट दिसायचं ते मेच्या कडक उन्हात २.५ च्या आसपास अडकलं. खराब माल दिला म्हणून मी बसवणाऱ्याच्या पोराला फोन करून ओरडलो, त्यानं शांतपणे समजावलं. इथं तो बरोबर होता, मी चूक.

मेचं बिल सांगतो. पॅनलनं बनवले ४१०, त्यातले २१० दिवसा घरातच वापरले गेले, २०० बाहेर लाइनवर गेले. रात्री बाहेरून घेतले ३३०. त्यातून ते २०० वजा, म्हणजे बिल लागलं १३० युनिटचं. फिक्स चार्ज भरावाच लागते, तो सुटत नाही, "झिरो बिल" म्हणणाऱ्याला हे आधी विचारा. हिवाळ्यात उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि मार्चला हिशोब होतो.

बाबांचं म्हणणं वेगळंच. "रात्री तं माह्याच कोराडीचा करंट घेऊन राहिला न तू." खरं आहे, ३३० युनिट कुठून आले? त्यांच्या मते प्लांटमधला साडेसहाशे मेगावॉटचा एक संच काही बल्ब नव्हे, की दुपारी बंद केला आणि संध्याकाळी सहाला बटण दाबलं. दुपारी सगळ्यांची सोलार चालू म्हणून लोड कमी करायचा तरी निम्म्याच्या थोडं वर चालवत ठेवावाच लागते, आणि दिवे लागले की परत चढवा. मी म्हटलं बाबा, मग एका युनिटला कोळसा किती? म्हणे पाऊण किलोला थोडा कमी. ४१० युनिट म्हणजे पावणेतीनशे किलोच्या वर झाला. ते गप्प बसले, मग म्हणाले, "एका महिन्यात? एवढ्याशा पॅनलनं?" तेव्हापासून ॲप त्यांच्याच मोबाईलमध्ये आहे.

आता तक्रारी. पहिली, आणि सगळ्यात मोठी. विकताना सांगितलं "लाइट गेली तरी घर चालू राहील". साफ खोटं. जूनमध्ये वादळ आलं, आमच्या गल्लीची लाइट गेली, नंतर चांगलं ऊन पडलं आणि सोलारही बंद. बिनबॅटरीचं ऑन-ग्रिड (बाहेरच्या लाइनला जोडलेलं) असंच असते, बाहेरचा करंट गेला की इन्व्हर्टर स्वतः बंद होते, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या छतावरून शॉक बसेल. नियम बरोबरच आहे, पण मला विकताना का नाही सांगितला? बॅटरी पाहिजे असेल तर हायब्रिड घ्या आणि खर्च बराच वाढेल हे धरून चला.

दुसरी, स्ट्रक्चरचे पाय स्लॅबमध्ये भोकं पाडून बसवले आणि वरून नुसतं सिमेंट थापलं. जुलैत किचनच्या छतावर, बरोबर गॅसच्या वर, पोळीएवढा ओला डाग. तीन फोन, दोन "उद्या येतो", शेवटी आमच्याच मिस्त्रीकडून ८०० रुपयात केमिकल भरून घेतलं. तुम्ही सिमेंटचे ठोकळे स्लॅबवर ओतून त्यात पाय बसवून घ्या, भोकं पाडूच देऊ नका. उंच स्ट्रक्चर मात्र घ्याच, खाली उभं राहता येते. आई फक्त चिडली, मार्चमध्ये कुरोड्या घालायला गेली तर म्हणे, "सावलीत काय वाळवू, माझं डोकं?" आता वाळवण पाण्याच्या टाकीजवळ.

पॅनल पंधरा दिवसातून एकदा सकाळी सातच्या आधी धुवायचे, तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकायचं नाही. आमच्या बोअरचं पाणी जड, पांढरे डाग पडले, म्हणून आता नळाचं पाणी आणि मऊ वायपर. पहिल्यांदा धुतलं तेव्हा बादलीत राखाडी चिखल निघाला. मी म्हटलं ही कोराडीची राख. बाबांनी चिमूटभर बोटात चोळली आणि म्हणाले, "राख नोय हे. राख गुळगुळीत लागते. हे तुह्या रोडचं खोदकाम हाय."

अर्थिंग तीन खड्ड्यांचं केलंय, ते मस्त केलंय, वायरिंगही पाइपातून नीट. फ्री सर्व्हिसिंगला सप्टेंबरमध्ये येतो म्हणाले होते, आता दिवाळी तोंडावर आली. कोणी आलं तर अडीचचे तीन करीन.