दारात परक्याची गाडी: जॅमर लावावा की ठाण्यात अर्ज द्यावा?

आमचं घर साताऱ्यात, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. घराला लागून आमचाच दोन गुंठ्यांचा मोकळा तुकडा आहे. तीन बाजूंना कुंपण, रस्त्याच्या बाजूला काही नाही. ज्याला घाईघाईत स्वारगेटची विनाथांबा धरायची असते त्याच्या नजरेत ही जागा पटकन भरते. सकाळी लावून संध्याकाळी नेणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांना सांगितलं की ते ऐकतातही. प्रश्न असतो तो आपली गाडी अडवून जाणाऱ्यांचा आणि लावून गेल्यावर परत न येणाऱ्यांचा.

गेल्या तीन वर्षांत मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. गाडीचं चाक जखडून ठेवणारा बाराशे रुपयांचा लोखंडी जॅमर विकत आणून वापरला आणि पुढे पोलीस ठाण्यात रीतसर लेखी अर्जही दिला. तुमच्यापुढे हाच पेच असेल तर माझा अनुभव उपयोगी पडेल. मात्र तो एका घराचा, एका गावाचा अनुभव आहे, तेवढं धरूनच वाचा.

बाकीच्या दोन-तीन उपायांचं आधी थोडक्यात सांगतो. काचेवर चिठ्ठी लावणं केव्हाही चांगलं, कारण निम्म्या वेळा गाडी शेजारच्या पाहुण्यांचीच निघते. हवा सोडणं वाईट. नुकसान केल्याचा ठपका आपल्यावर येतो आणि हवा गेलेली गाडी आहे तिथंच बसून राहते. खासगी टोइंगवाला बोलावून गाडी रस्त्यावर काढून ठेवण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मी तो घेतला नाही. ओढताना बंपर घासला तर भरपाई कोण देणार? आणि रस्त्यावरून ती उद्या चोरीला गेली तर शेवटचा हात आपला लागलेला असतो.

राहता राहिले दोन: जॅमर आणि अर्ज.

जॅमरच्या बाजूने पहिल्यांदा बोलायला हवं, कारण मी पहिल्यांदा त्याच्याच बाजूचा होतो. लावायला दोन मिनिटं लागतात. कुणाकडे जावं लागत नाही, कुणाची विनवणी करावी लागत नाही. पिवळाधमक जॅमर चाकाला दिसला की गल्लीतल्या इतरांनाही कळतं की इथं गाडी लावायची नाही. आमच्याकडे पहिला महिनाभर त्या एका जॅमरचा चांगलाच वचक बसला. नुसता कुंपणाला टांगून ठेवला तरी लोक दोनदा विचार करायचे.

मग दिवाळीत एमएच ४३ पासिंगची एक पांढरी कार रात्री आमच्या गाडीच्या बरोबर पुढे लागली, म्हणजे आमची गाडी आत अडकली. मी काचेवर माझा नंबर चिकटवला, पुढच्या चाकाला जॅमर लावला, किल्ली खिशात टाकली. सकाळी सातपर्यंत कुणी आलं नाही. मला फलटणला कार्याला पोचायचं होतं, तेव्हा मेव्हण्याला बोलावून त्याच्या गाडीतून निघालो. पावणेबाराला फोन आला. गाडीवाले आले होते, सोबत बायको आणि दोन लहान मुलं, त्यांना वाशीला जायचं होतं. आणि किल्ली माझ्या खिशात, फलटणला.

दीड-पावणेदोन तासांचा रस्ता. तोवर घरी अण्णा एकटे, वय शहात्तर. तो माणूस सुरुवातीला नरमाईने बोलत होता, पण तासाभराने आवाज चढला. सकाळी सातला चूक शंभर टक्के त्याची होती. दुपारी एकला दारात बायकामुलांना अडकवून ठेवणारे आम्ही झालो होतो. येणाऱ्याजाणाऱ्यांनाही तसंच दिसत होतं. अण्णांनी मुलांना व्हरांड्यात सतरंजी टाकून दिली, चिवडा-लाडू पुढे केले. मी पोचलो तेव्हा धाकटी तिथंच झोपली होती. कुलपात धूळ बसून किल्ली फिरेना, त्यात आणखी पाच मिनिटं गेली. तो माणूस एक शब्द न बोलता उभा होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. रात्री अण्णा एवढंच म्हणाले, "किल्ली घरात ठेवत जा, नाहीतर लावू नको."

किल्ली घरात ठेवायची म्हणजे मी नसताना अण्णांनी चाकाशेजारी उकिडवं बसून ते जड लोखंड काढायचं. रात्री दोनला मालक आला तर रात्री दोनला. तोंडाला दारूचा वास येणारा आला तरी अण्णांनीच. माझ्यापुरता जॅमरचा निकाल इथंच लागला. गाडी जावी म्हणून आपण तो लावतो, पण लावल्या क्षणापासून ती गाडी जाऊ देण्याची जबाबदारी आपल्या गळ्यात पडते. मालक मोकळा फिरतो आणि आपण त्याच्या गाडीपाशी बांधले जातो. जॅमरच्या जाहिरातीत पोलाद किती जाडीचं ते सांगतात, पण किल्ली घेऊन चोवीस तास घरी कोण बसणार ते कुणी सांगत नाही.

कायद्याची बाजूही मी नंतर समजून घेतली. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १२७ मध्ये चाकाला जॅमर लावण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण तो अधिकार हद्दीतल्या गणवेशधारी पोलीस अधिकाऱ्याच्या परवानगीने वापरायचा आहे आणि तोही सार्वजनिक जागेवर १० तास किंवा जास्त वेळ सोडलेल्या, अथवा मनाई असलेल्या ठिकाणी लावलेल्या गाडीपुरता. आपल्या अंगणात आपण स्वतः जॅमर लावावा असं हे कलम कुठं म्हणत नाही. लावला म्हणून लगेच गुन्हाच होतो असंही मी म्हणणार नाही. वकिलांकडून मला दोन्ही बाजूंची मतं ऐकायला मिळाली. पण वाद झाला तर दाखवायला आपल्या हातात काही नसतं, एवढं खरं.

आता अर्ज.

त्याची वेळ आली पुढच्या वर्षी. गणपती विसर्जनानंतर आमच्या तुकड्यावर एमएच १२ ची एक काळी मोटरसायकल दिसू लागली. आठवडा झाला, पंधरवडा झाला. हॅण्डल डावीकडे वळवून लॉक केलेलं, आरशाला प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला रेनकोट. महिन्याभरात मागच्या चाकाच्या आऱ्यांमधून गवत वर आलं आणि सीटवर कबुतरांनी आपली वस्ती केली. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला तर मालकाच्या नावाची अधलीमधली अक्षरं झाकलेली. खासगीपणासाठी ते योग्यच आहे, पण त्यातून माणूस सापडत नाही. त्या गाडीला जॅमर लावून उपयोगही नव्हता. जी जागची हलतच नाही तिला अडवून काय मिळणार?

चाळिसाव्या दिवशी ठाण्यात गेलो. इथं माझी एक चूक झाली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या अर्जात मी लिहिलं होतं, 'आमच्या खासगी जागेत अनधिकृत पार्किंग केले आहे.' ठाणे अंमलदारांनी वाचून शांतपणे सांगितलं, की खासगी जागेतल्या पार्किंगवर वाहतूक शाखा दंड लावू शकत नाही, तुम्ही मालकाशी बोलून घ्या. त्यांचं बरोबर होतं. पार्किंगची कलमं रस्त्यासाठी आणि सार्वजनिक जागेसाठी असतात. माझी जागा त्या व्याख्येत बसत नव्हती.

घरी येऊन मी अर्ज नव्याने लिहिला. 'पार्किंग' हा शब्दच काढून टाकला. लिहिलं ते असं: 'सदर दुचाकी अमुक तारखेपासून आमच्या मालकीच्या जागेत बेवारस स्थितीत उभी आहे. ती आमच्या परिचयाच्या कोणाचीही नाही. ती चोरीची अथवा गुन्ह्यात वापरलेली आहे काय, याची खातरजमा होऊन पुढील कार्यवाही व्हावी, ही विनंती.' सोबत सिटी सर्व्हे उताऱ्याची प्रत, चार तारखांचे चार फोटो आणि नंबर प्लेटचा एक स्पष्ट फोटो. चेसिस नंबर हॅण्डलखालच्या नळीवर कोरलेला असतो. मोबाईलच्या उजेडात, गाडीला हात न लावता, जेवढा वाचता आला तेवढा लिहिला. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि एकीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतली.

त्याच ठाण्यात, त्याच टेबलावर या अर्जाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं. कुणाच्या तरी जागेत गाडी लावली, ही दोन माणसांतली कुरबूर. ओळख न पटलेलं वाहन चाळीस दिवस पडून आहे, हे मात्र पोलिसांचं स्वतःचं काम. चोरीच्या संशयावरून माल ताब्यात घेण्याचा अधिकार त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ ने दिलेला आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तेच कलम १०२ होतं.

ठाणं गाडी लगेच उचलून नेईल, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. ताब्यात घेतलं की पंचनामा आला, दंडाधिकाऱ्यांना कळवणं आलं, मालक सापडला नाही तर सहा महिन्यांच्या मुदतीची उद्घोषणा आली. ठाण्याच्या आवारात गंजत पडलेल्या गाड्या आपण सगळेच बघतो. अशा गाड्या वर्षानुवर्षं तिथं सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगितलं आहे. त्यामुळे मालक शोधून त्याच्याकडूनच गाडी हलवून घेणं पोलिसांच्याही सोयीचं असतं, आणि आपल्याला तरी दुसरं काय हवं असतं?

अर्जानंतर तिसऱ्या दिवशी बीटचे हवालदार येऊन गाडी पाहून गेले. नोंदीतला मालक पुण्यात होता. त्याला फोन गेला तेव्हा कळलं, की त्याने दोन वर्षांपूर्वीच ती विकली होती, पण फॉर्म २९ आणि ३० भरून नाव काही बदललं नव्हतं. कागदावर गाडी अजून त्याचीच. पोलिसांचा फोन आल्यावर तो घाबरला आणि रात्रीत त्यानेच विकत घेणाऱ्याला गाठलं. पाचव्या दिवशी सकाळी एक पंचविशीतला मुलगा दारात आला. साताऱ्याहून पुण्याला नोकरीसाठी गेला होता, तिकडे पाय मोडला, प्लास्टर दीड महिना. "काका, कुणाचा नंबरच नव्हता माझ्याकडं," म्हणाला. अण्णांनी त्याला चहा दिला. मी नसतानाच हे सगळं झालं, आणि मी तिथं असण्याची गरज कुणालाच पडली नाही.

त्या पोरावर जॅमर लावला असता तर, असं माझ्या मनात नंतर कितीतरी वेळा येऊन गेलं.

अर्जात त्रास नाही असं नाही. दोन हेलपाटे होतात. हद्द कुठल्या ठाण्याची ते आधी नीट विचारून घ्यावं लागतं, आमच्या गल्लीच्या दोन टोकांना दोन उत्तरं मिळतात. आज लावलेली गाडी आज जायला हवी असेल तर अर्जाचा काही उपयोग नाही. फाटकच अडलं असेल, घरात आजारी माणूस असेल, तर सरळ ११२ लावा. पण वेळ खाणाऱ्या, पडून राहिलेल्या गाडीसाठी मला अर्जाइतकं भरवशाचं काही सापडलं नाही. गाडी उद्या खरंच कुठल्या गुन्ह्यातली निघाली, तर 'इतके दिवस तुमच्या जागेत होती, कळवलं का नाही' या प्रश्नाला त्या शिक्क्याच्या प्रतीसारखं दुसरं उत्तर नाही. तेवढ्यासाठी तरी दहाव्या-पंधराव्या दिवशीच अर्ज द्या, माझ्यासारखे चाळीस दिवस थांबू नका.

जॅमर अजिबात वापरू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी बहीण पुण्यात एका मोठ्या सोसायटीत राहते. तिथं तिन्ही पाळ्यांना वॉचमन असतो, सर्वसाधारण सभेत ठराव झालेला आहे, फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे आणि किल्ली केबिनमधल्या खिळ्याला असते. कुणीही, कधीही आलं की रजिस्टरवर सही घेऊन पाच मिनिटांत चाक मोकळं. तिथं जॅमर शोभतो. बंगला, वाडा, मोकळा प्लॉट, घरात एक-दोन म्हातारी माणसं, अशी तुमची स्थिती असेल तर माझ्या मते अर्जच बरा.

आमचा जॅमर मी गेल्या मे महिन्यात बहिणीच्या सोसायटीला देऊन टाकला. तुकड्याच्या तोंडाशी सिमेंटचे दोन खांब रोवून साखळी लावली आहे. तिला कुलूप नाही, नुसता आकडा आहे, अण्णांनाही एका हाताने काढता येतो.